पाकीट उलटं करा : नवी मुंबईत नव्यानं आलेल्यांसाठी देशी-विदेशी मालाची उलटतपासणी

भाचा कराडहून घणसोलीला राहायला आला, त्याला आता वर्ष होईल. महापेला नोकरी, तिघांत मिळून एक वन बीएचके. पहिल्याच रविवारी नेरुळला आमच्याकडे जेवायला आला तो हातात भली मोठी पिशवी घेऊन. स्टिकर लावलेली सफरचंदं, परदेशी चॉकलेटचा डबा, खजुराचं पाकीट आणि अडीचशे रुपयांचा फास्ट चार्जर. "मामा, सगळं इम्पोर्टेड आहे, आणि एकदम स्वस्तात." तेवढ्यात ताईचा फोन. तिचं नेहमीचं पालुपद : "बाहेरचं काही खाऊ नको रे, आपलं ते आपलं."

मी न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे २२ वर्षं काढली. कंटेनर उघडताना, नमुने काढताना, स्टिकरं चिकटवताना उभा राहिलोय. त्यामुळे विदेशी म्हणजे उत्तम हे भाच्याचं गणित मला पटत नाही आणि देशी म्हणजे शुद्ध हे ताईचंही पटत नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, की उद्या पोट बिघडलं किंवा चार्जरनं पेट घेतला तर इथे, भारतात, कॉलर कोणाची धरायची? त्याचं उत्तर ज्या पाकिटावर छापलंय ते पाकीट मी घरात आणतो, मग ते तुर्कीचं असो की तासगावचं.

भाच्याला त्या दुपारी जे सांगितलं, तेच इथे क्रमानं लिहितो. ठाणे, नवी मुंबईत नव्यानं बिऱ्हाड थाटणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

आधी माल येतो कसा, ते समजून घ्या

वाशी-नेरुळच्या दुकानातलं विदेशी बिस्किट बहुतेक वेळा आपल्या उशाशीच उतरलेलं असतं. जहाज न्हावा शेव्याला लागतं, कंटेनर उरण-द्रोणागिरीच्या बाजूला एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, जातो. आयातदाराचे कागद कस्टम्सकडे जातात. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, मंजुरी लागते. त्यांचा अधिकारी माल बघतो, लेबल वाचतो, नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतो. नमुना नापास झाला तर माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. असे नापास कंटेनर मी पाहिलेत आणि आयातदाराचा तेव्हाचा चेहराही पाहिलाय.

मात्र प्रत्येक कंटेनरचा नमुना निघतोच असं नाही. जोखीम बघून निवड होते. बंदरातून सुटलेला माल म्हणजे काचेसारखा स्वच्छ, असं समजू नका. पण त्यामागे एक नाव, एक पत्ता आणि एक परवाना असतो, आणि हे तिन्ही मागच्या स्टिकरवर येतात.

पहिली पायरी : पाकीट उलटं करा

पुढची बाजू जाहिरातीची. वाचायची ती मागची.

विदेशी पाकिटावर मागे एक पांढरं, बऱ्याचदा वाकडंतिकडं चिकटवलेलं स्टिकर असतं. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी लपवलंय. उलट त्या पाकिटावर तुमच्या सगळ्यात कामाचं तेच आहे. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण एवढ्या गोष्टी माल इथे उतरल्यावर कस्टम्सच्या गोदामात स्टिकरनं लावायची परवानगी २०१७च्या आयात नियमांत दिलेली आहे. आमच्याकडे या कामाला सरळ 'स्टिकरिंग' म्हणत. दहा-बारा बायका रांगेत बसून दिवसभर खोके उघडायच्या आणि स्टिकरं लावायच्या. वाकडं लागलं तर लागलं. स्टिकर अजिबात नसेल, पाठ कोरी असेल, तेव्हा खरी काळजी करा.

आता तो परवाना क्रमांक. १४ अंकी असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे : महाराष्ट्राचे १५, केंद्रीय परवान्याचे ००. त्यानंतरचे दोन अंक वर्षाचे. आयातदाराला केंद्रीय परवानाच लागतो, म्हणून खऱ्या आयातदाराचा नंबर १०० नं सुरू होतो. 'इम्पोर्टेड बाय' असं लिहून खाली ११५ नं सुरू होणारा नंबर दिसला तर मी पाकीट खाली ठेवतो. अर्थात इथल्याच एखाद्या व्यापाऱ्यानं विदेशी बदाम आणून आपल्या पिशवीत भरले असतील तर त्याचा नंबर ११५ चा असू शकतो, पण मग तो स्वतःला 'पॅक करणारा' म्हणवून घेईल. शंका आली तर एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावर नंबर टाकून परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं. दुकानात उभ्या उभ्या होतं.

हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. काही विदेशी गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असतं, ते जनावरांपासून काढतात. ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी ही खूण आवर्जून बघावी, कारण घटकांच्या यादीत ते कधी कधी परक्या भाषेत लिहिलेलं असतं.

आणि किंमत. सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क, हे वजनमापाच्या कायद्याखाली विदेशी मालावरही लागतं. दुकानदारानं पेनानं किंमत लिहिली असेल किंवा नुसता दिऱ्हामचा आकडा असेल, तर तो माल बहुधा कंटेनरनं आलेला नाही, कोणाच्या तरी बॅगेतून आलाय.

बॅगेतून आलेल्या मालाबद्दल थोडं. आपल्या इमारतीत दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी दुबई-मस्कतला असतं. काकानं आणलेलं चॉकलेट काकानं आणलंय, प्रेमानं खा. तेच दुकानात विकायला ठेवलं की गोष्ट बदलते. त्याची तपासणी कोणी केलेली नसते, ते कुठल्या उन्हात किती दिवस पडलं कोणाला ठाऊक नसतं. लहान बाळाचं दूध आणि बेबी फूड तर आयातदाराच्या स्टिकरशिवाय घरात आणू नका. 'तिकडचं भारी असतं' म्हणणारी शेजारीण असेल, तिला नमस्कार करा आणि पुढे चला.

दुसरी पायरी : तारीख, आणि ती कोणत्या देशाची

भाच्याच्या चॉकलेटच्या डब्यावर ०५/०८ असं होतं. तो म्हणाला, ५ ऑगस्ट. डबा अमेरिकन बाजारासाठी बनलेला होता. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस, म्हणजे ८ मे. आणि आम्ही जूनमध्ये बसलो होतो. जपानी-कोरियन मालावर आधी वर्ष येतं, मग महिना, मग दिवस. आखाती पाकिटांवर कधी अरबी आकडे असतात : त्यातला पाच दिसतो आपल्या शून्यासारखा, शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि सहा दिसतो इंग्रजी सातसारखा. आकड्यांबद्दल खात्री नसेल तर भारतीय स्टिकरवर मुदत पुन्हा दिली आहे का ते बघा.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकल्यावर मॉलमधल्या 'एकावर एक फ्री'कडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. नियम असा, की बंदरातून सुटताना मालाची एकूण मुदतीच्या ६० टक्के मुदत तरी शिल्लक हवी, किंवा संपायला ३ महिने तरी हवेत, या दोन्हींपैकी जे कमी असेल ते. वर्षभर टिकणाऱ्या बिस्किटाचे ६० टक्के म्हणजे सात महिन्यांच्या वर, पण ३ महिने त्याहून कमी, म्हणून ३ महिने शिल्लक असले तरी माल सुटतो. मग स्टिकरिंग, गोदाम, वितरक, दुकान. शेल्फवर येईपर्यंत त्यातला महिना-दीड महिना गेलेला. दुकानदाराची घाई त्याच्या जागी बरोबर आहे आणि मालही बेकायदा नाही. पण दोन माणसांच्या घरात सहा पाकिटं नेऊन ठेवू नका. साठ दिवसांच्या चीजला मात्र ३६ दिवस शिल्लक लागतात, तिथे ३ महिन्यांचा प्रश्नच येत नाही.

तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर नखानं खरवडून बघायलासुद्धा लाजू नका. नाव-पत्ता स्टिकरनं लावता येतो. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख मुळातच छापलेली लागते, ती इथे येऊन 'दुरुस्त' करता येत नाही.

चॉकलेटवर पांढुरकी झाक आली असेल तर ती बहुधा बुरशी नसते. उकाड्यात वितळून पुन्हा थिजलं की चरबी वर येते. खाल्ल्यानं काही होत नाही, पण त्या दुकानात रात्री एसी बंद करतात एवढं कळतं. तिथून चीज घेऊ नका.

फसवे पुरावे

बारकोड ८९० नं सुरू झाला म्हणजे माल भारतीय, असा एक निरोप दर सहा महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. खोटं आहे. ८९० चा अर्थ एवढाच, की त्या कंपनीनं बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतला. आतला माल कुठलाही असू शकतो. मूळ देश बघायचा तर 'कंट्री ऑफ ओरिजिन' ही ओळ शोधा. ऑनलाइन मागवताना तर ती विकत घ्यायच्या आधीच दिसली पाहिजे, तसं बंधन आहे.

सफरचंदावरच्या चिमुकल्या स्टिकरचंही तसंच. त्यावरचा चार अंकी, ३ किंवा ४ नं सुरू होणारा आकडा फळाची जात आणि आकार सांगतो, पाच अंकी ९ नं सुरू झाला तर सेंद्रिय म्हणून पिकवलेलं. हा आकडा ऐच्छिक आहे, आणि चकचकीत स्टिकरांची गुंडाळी बाजारात विकत मिळते. भाच्याच्या सफरचंदावर नुसतं 'प्रीमियम क्वालिटी' होतं. कोणाची क्वालिटी, कुठला प्रीमियम, काही पत्ता नाही. डाग झाकायलाही अशी स्टिकरं लावतात.

'एक्सपोर्ट क्वालिटी' या शब्दांना कायद्यात काहीही अर्थ नाही. आणि 'मेड इन यूएसए'ची आपल्या ठाणे जिल्ह्यातली जुनी चेष्टा तुम्हाला इथे राहायचं तर ठाऊक हवी : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. उल्हासनगरकर स्वतःच हसत हसत सांगतात.

तिसरी पायरी : तुमच्या स्वयंपाकघरातलं विदेशी ओळखा

ताई ज्याला 'आपलं' म्हणते, त्यातलं किती आपलं असतं? तुर्भे-वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी बाजार समितीत, एक फेरी मारा, म्हणजे कळेल. सानपाडा किंवा तुर्भे स्टेशनवरून रिक्षानं पाच-दहा मिनिटं. फळं, भाजी, कांदा-बटाटा, मसाला आणि दाणा असे पाच बाजार आहेत. घाऊक बाजार आहे, किलोभर घ्यायला गेलात तर काही गाळ्यांवर तुमच्याकडे बघणारही नाहीत. पण दाणा आणि मसाला बाजारात किरकोळ देणारे सापडतात आणि बोलणारेही सापडतात. सकाळची गर्दी ओसरल्यावर जा. माथाडींच्या वाटेत उभं राहू नका, पाठीवर पोतं असलेल्या माणसाला थांबता येत नाही.

तिथे फक्त एक प्रश्न विचारा : "शेठ, हा माल कुठला?" घाऊक व्यापारी ही गोष्ट लपवत नाही, कारण भावच त्यावर ठरतो. मसूर कॅनडाची किंवा ऑस्ट्रेलियाची. तूर लातूर-अकोल्याची असते, तशी म्यानमारची आणि मोझांबिकचीही असते. म्यानमारच्या तुरीला बाजारात 'लेमन' म्हणतात, लिंबाशी तिचा काही संबंध नाही. पिवळा वाटाणा कॅनडा-रशियाचा, आणि स्वस्त बेसनात हरभऱ्याच्या जागी तोच दळलेला असतो. म्हणून बेसन स्वस्त मिळालं की मी खूश होत नाही. तेलाचं तर विचारूच नका : आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफूल युक्रेन, रशिया नाहीतर अर्जेंटिनाचं. पिशवीवर मात्र देवळाचा कळस आणि हसरी सून.

या डाळी वाईट आहेत का? नाहीत. कॅनडाची मसूर चांगली शिजते, आमच्या घरी आठवड्यातून एकदा होते. मुद्दा एवढाच की मग 'बाहेरचं नको' या वाक्याला अर्थ उरत नाही. हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आमच्या वाण्याकडे कॅनडाची नसते." तिच्या वाण्याला मी ओळखतो. तो दर महिन्याला माल तुर्भ्यातूनच भरतो.

मसाल्यात मात्र डोळे उघडे ठेवा, कारण इथे मूळ देश बदलला की वस्तूच बदलते. दालचिनीचं बघा. पातळ, कागदाच्या सुरळीसारखे अनेक पदर, बोटानं चुरता येते, वास गोडसर : ही श्रीलंकेची खरी दालचिनी. जाड साल, एकच वळण, दातानंही तुटत नाही, वास तिखट : हा कॅशिया, व्हिएतनाम किंवा चीनचा. आपल्या गरम मसाल्यात वर्षानुवर्षं कॅशियाच पडतोय आणि चिमूटभरानं काही बिघडत नाही. पण हल्ली साखर कमी करायची म्हणून रोज सकाळी चमचाभर दालचिनी पूड खाणारे लोक आहेत. कॅशियात कुमारिन नावाचा घटक बराच जास्त असतो आणि तो रोज भरपूर पोटात गेला तर यकृताला त्रास देतो. रोज खायचीच असेल तर श्रीलंकेची घ्या. इथे विदेशी विरुद्ध विदेशी अशी लढत आहे, देशीचा प्रश्नच नाही.

हिंगाचं झाड, खरं तर झुडूप, अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानचं. भारतात लागवडीचा पहिला प्रयत्न २०२० साली हिमाचलच्या लाहौलमध्ये झाला. तोवर आपल्या आजीच्या फोडणीतला सगळा हिंग आयातच होता. डबीतला हिंग म्हणजे थोडा हिंग, बाकी मैदा आणि डिंक, आणि ते डबीवर लिहिलेलंच असतं. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी ते वाचावं.

लवंग पाण्यात टाका. चांगली तळाशी बसते, तेल काढून घेतलेली तरंगते. मिऱ्याचंही तसंच, पपईची बी वर येते. खजूर इराण-इराक-अरबस्तानातूनच यायचा, त्यात स्वदेशीचा हट्ट करू नका. फक्त सुटा घेताना उघड्या टोपलीतला चिकट-चकचकीत घेऊ नका, बंद खोक्यातला घ्या. बदाम कॅलिफोर्नियाचे की इराणी मामरा, हा खिशाचा प्रश्न आहे, आरोग्याचा नाही. मोठा, पांढराशुभ्र, ठसठशीत पाकळ्यांचा लसूण फार स्वस्त मिळाला तर मात्र जरा थांबा. चिनी लसणाच्या आयातीवर बुरशीच्या कारणानं २०१४पासून बंदी आहे आणि तरी तो चोरवाटांनी येतो. चीनच्या दूध आणि दुधाच्या पदार्थांवरही, दुधात मेलामाइन हे घातक रसायन मिसळल्याच्या २००८च्या प्रकरणानंतर, बंदी घातली गेली.

एवढं सांगून ताईच्या बाजूचाही एक गुण काटतो. एप्रिल २०२४मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं नामवंत भारतीय कंपन्यांचे काही मसाले इथिलीन ऑक्साईड या जंतुनाशक रसायनाच्या कारणानं बाजारातून काढायला लावले. आपल्याच घराघरांतल्या पुड्या होत्या त्या. तेव्हापासून आमच्याकडे मसाला खडा आणून भाजून दळतात. कष्ट आहेत, पण कुटुंबाचा निर्णय झालाय, मला मतदानाचा हक्क नव्हता.

फळं : हापूसची गोष्ट

इथे लबाडी देशी विरुद्ध देशी अशी चालते. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या फळबाजारात हापूस दिसला तर तो आफ्रिकेतल्या मलावीचा. कोकणातल्या हापूसपासून तिथे बागा उभ्या राहिल्या. पेटीवर मलावी लिहिलेलं असतं, भाव तोंडात बोटं घालण्यासारखा असतो, पण फसवणूक नसते. फसवणूक होते ती एप्रिल-मे महिन्यात, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसतो तेव्हा. 'हापूस' या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. हो, ठाणेही त्यात आहे. रस्त्याकडेच्या टेबलावर 'देवगड' लिहिलेली पेटी आणि पेटीत जुनं कानडी वर्तमानपत्र, हे मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला, "पेपर कुठलाही असतो साहेब." तेही खरंच.

पिकवण्याचं म्हणाल तर कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूनं बंद खोलीत पिकवायला परवानगी आहे आणि त्याला घाबरायचं कारण नाही, फळ स्वतःही तोच वायू सोडतं. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक, देठाशी वास नाही आणि कापल्यावर आत पांढरट, तर ते पोरगं वेळेआधी मोठं केलेलं आहे. सोडून द्या.

सफरचंदावरचं मेण नखानं निघतं, म्हणून ओरडणारे व्हिडिओ बघितले असतील. मधमाशीचं किंवा कार्नाउबा या ताडासारख्या झाडाचं मेण ठरावीक मर्यादेत, तसं लेबलवर लिहून, चालतं. दूरचा प्रवास करणाऱ्या फळाला ते लागतंच. कोमट पाण्यात चोळून धुवा. मी स्वतः ऑगस्ट ते डिसेंबर शिमला-काश्मीरची खातो, नंतर मिळेल ती. तिथे तत्त्वाचा भाग काही नाही, हंगामाचा आहे.

चौथी पायरी : चार्जर, खेळणी, मिक्सर

खाण्याच्या वस्तूनं पोट बिघडतं, इथे घर जळतं.

चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवा यांवर मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं, चिन्ह आणि त्याखाली 'आर-' लिहून आठ अंकी नोंदणी क्रमांक असायला हवा. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर, देशी असो की विदेशी. आयएसआय म्हणजे भारतीय माल, असं नाही. परदेशी कारखान्यालाही तो परवाना काढता येतो, आणि काढावाच लागतो. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ प्रेशर कुकरवर आयएस २३४७, हेल्मेटवर आयएस ४१५१. खाली 'सीएम/एल' लिहून परवाना क्रमांक असतो. नुसतं चिन्ह आहे आणि वर-खाली काहीच नाही, तर ते चित्र आहे.

मोबाइलवर 'बीआयएस केअर' नावाचं ॲप घ्या. त्यात आर-क्रमांक किंवा परवाना क्रमांक टाकला की कंपनी, कारखान्याचा पत्ता आणि परवाना चालू आहे की संपलाय, सगळं येतं. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडीही, तिथेच तपासता येतो. भाच्याच्या चार्जरवर बरंच काही छापलं होतं : सीई, एफसी या परदेशी खुणा, कचऱ्याच्या डब्याचं चित्र. आर-क्रमांक मात्र होता, तोही नऊ अंकी! नकल करणाऱ्यानं उदार हातानं एक अंक जास्त दिलेला. तो चार्जर आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सोसायटीत दाखवायला.

अमेरिकेतून भावानं-मेव्हण्यानं पाठवलेल्या विजेच्या वस्तूंचं वेगळं. तिकडे ११०-१२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मेव्हण्यानं न्यू जर्सीहून आणलेला मिक्सर आम्ही कौतुकानं नारळाची चटणी करायला लावला. तिसऱ्या फेरीला वास, चौथ्याला धूर, आणि शेवटी पाटा-वरवंटा. दोष मिक्सरचा नव्हता, आमचा होता. मागच्या पट्टीवर '१००-२४०' लिहिलं असेल तरच पिन बदलून लावा.

सौंदर्यप्रसाधनांचं थोडक्यात : विदेशी क्रीम-लिपस्टिकवर आयातदाराचं नाव आणि आयात नोंदणीचा क्रमांक असतो. 'आठ दिवसांत गोरेपणा' देणारं, पाठ कोरी असलेलं क्रीम चेहऱ्याला लावू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची प्रकरणं झालेली आहेत.

देशी का विदेशी, मग काय घ्यायचं?

एकच एक उत्तर मागितलंत तर देता येत नाही, कारण नियमच सरळ रेषेत नाहीत. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट आपल्याकडे २०१६ साली बंद झालं, तेव्हा ते अमेरिकेत चालू होतं. शीतपेयांतलं ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल आपण १९९०मध्येच बंद केलं, अमेरिकेनं २०२४मध्ये. उलट पांढऱ्या रंगासाठी वापरलं जाणारं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपनं २०२२मध्ये खाण्यातून काढून टाकलं, आपल्याकडे ते चालतं. म्हणजे साहेब प्रत्येक बाबतीत पुढे आणि आपण मागे, असं समजायचं कारण नाही, आणि उलटही नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर दूध, दही, तूप, अंडी, भाजी इथलीच, कारण ताजेपणापुढे बाकी गोष्टी फिक्या. ऑलिव्ह तेल, खजूर, चीज बाहेरचं, पण आयातदाराचं स्टिकर बघून. ऑलिव्ह तेलावर 'पोमेस' शब्द असेल तर ते चोथ्यातून काढलेलं, स्वस्त असायलाच हवं. डाळ-तेल जिथलं येईल तिथलं, पण बंद पाकिटातलं.

शेवटची पायरी : बिल, फोटो आणि तक्रार

बिल घ्या. १ जानेवारी २०२२पासून खाण्याच्या वस्तूंच्या बिलावर दुकानाचाही एफएसएसएआय क्रमांक छापणं बंधनकारक आहे. 'बिल हवं का?' असं विचारणाऱ्या दुकानदाराला हो म्हणा, त्याची भुवई वर गेली तरी.

खाण्याच्या वस्तूची तक्रार महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते. किमतीची, फसवणुकीची, बिघडलेल्या वस्तूची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर फोटोसकट तक्रार टाकता येते. आणखी एक हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४०नुसार ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की वस्तू घेताना दुकानदाराला तसं सांगायचं. नमुना नापास निघाला तर फी परत मिळते. मी आजवर हे एकदाच केलं, तुपाच्या बाबतीत. तूप पास झालं आणि फी गेली. पण तो दुकानदार त्यानंतर मला नेहमी बिल देतो.

भाच्यानंही त्या चॉकलेटची तक्रार टाकली, मोठ्या उत्साहात. चार दिवसांनी त्याला फोन आला. बॅच क्रमांक काय, मागचा फोटो आहे का, पाकीट जपलंय का? पुढच्या बाजूचे सहा फोटो होते, मागचा एकही नव्हता, आणि डबा रूममेटनं भंगारात दिला होता. तेव्हा वस्तू डब्यात ओतली तरी ती संपेपर्यंत रिकामं पाकीटही टाकू नका. आमच्याकडे त्यासाठी ओट्याखाली एक पिशवी टांगलेली आहे.